ऑलिंपिकला किती जण गेले, यापेक्षा कोणत्या दारातून गेले ते बघा

नमस्कार सर. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तालुक्याच्या शाळेत क्रीडाशिक्षक आहात. २९ ऑगस्टला, ध्यानचंद यांच्या जयंतीला, शाळेत एक फलक लावायचा आहे: भारत ऑलिंपिकमध्ये कधीपासून जातो, किती खेळाडू गेले, किती पदकं आली. आकडे गोळा करताना मुलांनी विचारलं, "सर, पूर्वी थोडेच जायचे तरी सुवर्ण यायचं, आता शंभरावर जातात तरी सहा-सातच पदकं का?" उत्तर काय द्यावं, असं तुम्ही विचारलंय.

मी चौतीस वर्षं अ‍ॅथलेटिक्समध्ये आहे. आधी जिल्ह्याच्या मैदानावर प्रशिक्षक होतो, नंतर स्पर्धांमध्ये टाइमकीपर आणि तांत्रिक अधिकारी म्हणून काम केलं. त्यामुळे माझं उत्तर धावपट्टीकडे झुकलेलं असेल. पण मुलांचा प्रश्न चांगला आहे, आणि 'आपल्याकडे खेळाला महत्त्व नाही' एवढं सांगून तो मिटवू नये असं मला मनापासून वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे 'किती खेळाडू गेले' हा रकाना एकटा ठेवला तर तो फसवतो. २००८ला बीजिंगला आपलं पथक साठाच्या आत होतं, कारण १९२८नंतर पहिल्यांदाच आपला पुरुष हॉकी संघ पात्र ठरला नव्हता. तिथे तीन पदकं आली, त्यात अभिनव बिंद्राचं सुवर्ण. २०१६ला रिओला ११७ जण गेले, हॉकीचे दोन्ही संघ होते, आणि पदकं आली दोन. आता २०२८ला लॉस एंजेलिसमध्ये टी-ट्वेंटी क्रिकेट आहे. आपले दोन्ही संघ पात्र ठरले की पथकात एका फटक्यात तीस जणांची भर पडेल. त्याने देशातल्या मैदानांवर काही बदललं असेल का? नाही. म्हणून प्रत्येक काळात खेळाडू कोणत्या दारातून आत गेला आणि ते दार कोणी उघडलं, हे मुलांना सांगा. शंभर वर्षांत आपल्याकडे खरा बदल तिथे झालाय.

१९००च्या पॅरिसची नोंद एका ओळीत उरकली तरी चालेल. कलकत्त्यात जन्मलेले नॉर्मन प्रिचर्ड २०० मीटर आणि २०० मीटर अडथळा शर्यतीत दुसरे आले. ऑलिंपिक समिती ही दोन रौप्यपदकं भारताच्या नावावर धरते. देशाने पाठवलेलं पथक असं ते नव्हतंच.

खरी सुरुवात पुण्यात झाली, आणि तुमच्या मुलांना ती सांगायलाच हवी. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा होत्या. जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. धावणारी बरीचशी पोरं शेतकऱ्यांच्या घरची होती आणि ती अनवाणी पळत होती. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जातात, हे दोराबजींच्या ध्यानात आलं आणि यांना ऑलिंपिकला न्यायचं असं त्यांनी ठरवलं. त्या दिवसांतली एक आठवण सांगितली जाते. १०० मीटरला किती वेळ लागला म्हणजे चांगला, असं आयोजकांपैकी एकाला विचारल्यावर त्याने अर्धा मिनिट ते एक मिनिट असं काहीतरी उत्तर दिलं. इथे हिशेब मिनिटांचा नसतो, सेकंदाच्या अंशांचा असतो, हे ऐकून तो चकित झाला. मी टाइमकीपर असल्यामुळे ही आठवण मला फार जवळची वाटते. पळणारे पाय आपल्याकडे होते. ते किती वेगाने पळतात हे मोजायची सवय आपल्याला नव्हती.

१९२०ला अँटवर्पला बोटांवर मोजण्याइतके खेळाडू गेले: धावण्यात पूर्मा बॅनर्जी, बेळगावचे फाडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी, कुस्तीत कुमार नवले आणि रणधीर शिंदे. चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वे आले, त्यांना २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद लागले. त्या वर्षीचा मार्ग नेहमीपेक्षा लांब होता, ४२.७५ किलोमीटर. शिंदे कुस्तीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचले. पहिल्याच खेपेला, कसलीही व्यवस्था नसताना, पदकापासून एक कुस्ती दूर. हे दार दोराबजींच्या पैशाने आणि हौसेने उघडलं होतं. पात्रता फेरी नव्हती, ठरलेली वेळ गाठायची नव्हती. कोणीतरी पाहिलं, निवडलं, बोटीत बसवलं. ज्याच्यावर कोणाची नजर पडली नाही तो राहिला.

ही त्रुटी दोराबजींनाही जाणवली असणार, कारण १९२४च्या पॅरिसआधी वायएमसीए या संस्थेचे शारीरिक शिक्षणाचे लोक, मद्रासचे हॅरी बक आणि डॉ. नोहरन, त्यांच्या मदतीला आले. प्रांतोप्रांती स्पर्धा झाल्या, दिल्लीत अखिल भारतीय निवड झाली. १९२७ला भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली, दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष. आज जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी जी शिडी तुमची मुलं चढतात तिच्या पहिल्या पायऱ्या तेव्हाच्या आहेत.

आता हॉकी. १९२८चं अ‍ॅमस्टरडॅम, कर्णधार जयपालसिंग मुंडा, पाच सामन्यांत २९ गोल, आपल्यावर एकही नाही, त्यातले १४ गोल ध्यानचंदचे. संघ मुंबईहून निघाला तेव्हा निरोपाला बंदरावर तिघंच होते असं सांगतात. १९३२ला अमेरिकेवर २४-१. १९३६ला बर्लिनमध्ये अंतिम सामन्यात जर्मनीवर ८-१, आणि त्या सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये आणलेल्या तिरंग्याला संघाने केलेला नमस्कार. मैदानावर झेंडा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. विदर्भातली मुलं असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा.

"तेव्हा सुवर्ण यायचं" याचा अर्थही इथेच समजावून सांगता येईल. हॉकीत १६-१८ जणांचा संघ जिंकला तरी पदकतालिकेत ते एकच पदक. आणि तेव्हा हा खेळ मोजक्याच देशांत रुजलेला होता. १९३२ला हॉकीत एकूण तीनच संघ होते. ध्यानचंदचा मोठेपणा यात तिळभरही कमी होत नाही. पण तो एक खेळ बाजूला ठेवला तर बाकी सगळीकडे आपण दारातच उभे होतो, हेही खरं आहे.

१९४८ला लंडनमध्ये, स्वातंत्र्याला वर्ष होत असताना, वेम्बलीवर ब्रिटनलाच ४-० हरवून हॉकीचं सुवर्ण आणलं. त्याच लंडनमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत सहावे आले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला हात दिला होता. मॅटवरची कुस्ती त्यांना नवीन होती, सराव सगळा मातीतला.

खाशाबांच्या १९५२च्या प्रवासावर मी थोडा जास्त थांबतो, कारण एकाच माणसाला किती दारं ढकलावी लागली ते त्यात दिसतं. निवड चाचणीत आपल्यावर अन्याय झाला असं त्यांना वाटलं, म्हणून ते ऑलिंपिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागायला गेले. फेरलढत मिळाली, ती जिंकली. पुढे हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, बाकीची वर्गणी गावकऱ्यांनी गोळा केली. हेलसिंकीत एक लढत संपल्यावर पुरेशी विश्रांती न देता त्यांना पुढच्या लढतीला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास मिळायला हवा असा नियम होता, पण तो दाखवून भांडायला आपला अधिकारी जवळ नव्हता, असं सांगितलं जातं. कांस्यपदक मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. गावी परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव मानगावे चौथे आले, हे बहुतेकांना माहीतही नसतं.

पॅरिसला २०२४मध्ये ११७ खेळाडूंबरोबर १४० प्रशिक्षक, फिजिओ, डॉक्टर वगैरे मंडळी गेली तेव्हा "एवढी फौज कशाला" असं बरेच जण म्हणाले. मला तेव्हा खाशाबांचा तो अर्धा तास आठवला. नियमाचं पुस्तक हातात घेऊन टेबलाशी उभा राहणारा माणूस हाही सहभागाचाच भाग आहे. मी स्वतः तांत्रिक अधिकारी म्हणून कितीदा तरी पाहिलंय, हरकत नोंदवायची मुदत संपून जाते आणि पोराच्या बाजूने बोलणारं कोणी हजरच नसतं.

पन्नास-साठच्या दशकात दार उघडलं सैन्याने आणि रेल्वेने. याचं श्रेय आपण पुरेसं देत नाही. मिल्खा सिंग सैन्यातले. त्यांना पायात बूट, पोटाला दूध आणि पळायला वेळ सैन्याने दिला. १९६०ला रोममध्ये ४०० मीटरला त्यांची इलेक्ट्रॉनिक वेळ ४५.७३ सेकंद, क्रमांक चौथा, तिसऱ्यापासून ०.१३ सेकंद मागे. १९६४ला टोकियोत गुरबचनसिंग रंधावा ११० मीटर अडथळा शर्यतीत पाचवे. १९७६ला मॉन्ट्रियलमध्ये श्रीराम सिंग ८०० मीटरला सातवे, १ मिनिट ४५.७७ सेकंद, तेही सैन्यातलेच. गावाकडच्या पोराला नोकरी मिळाली की घरचे 'पळून काय मिळणार' असं म्हणायचे थांबतात. अगदी आजही, नीरज चोप्रा राजपुताना रायफल्समध्ये, अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये, स्वप्नील कुसळे मध्य रेल्वेत.

पण या वेळांचं पुढे काय झालं ते बघा. मिल्खांचा राष्ट्रीय विक्रम १९९८मध्ये मोडला, ३८ वर्षांनी. श्रीराम सिंगांचा २०१८मध्ये, ४२ वर्षांनी. स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याच्या उड्या असलेल्या ३००० मीटर शर्यतीत, गोपाल सैनींनी १९८१ला लावलेले ८ मिनिटं ३०.८८ सेकंद ३७ वर्षं टिकले. विक्रम इतका टिकला याचा आपण अभिमान सांगतो. मला मात्र त्यात ऐंशी-नव्वदच्या दशकांतली उपासमार दिसते. मधल्या दोन पिढ्या त्या वेळेच्या आसपास फिरकू शकल्या नाहीत, कारण जग ज्या पृष्ठभागावर पळत होतं तो आपल्या पायाखाली नव्हता.

मॉन्ट्रियलला हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि आपण सातवे आलो. गवतावर चेंडू थांबवून, मनगटाच्या कसबाने दोघा-तिघांना चकवायचं हा आपला खेळ. कृत्रिम मैदानावर चेंडू सरळ आणि वेगाने धावतो, तिथे दमसास आणि जोराचा फटका लागतो. युरोपातल्या क्लबांकडे अशी मैदानं भराभर आली, आपल्याकडे पुढची कित्येक वर्षं मुलं गवतावरच वाढली. १९८०चं मॉस्कोचं सुवर्ण आलं तेव्हा बहिष्कारामुळे बरेच तगडे संघ आलेच नव्हते. त्यानंतर हॉकीचं पदक थेट २०२१च्या टोकियोत. १९८४, १९८८, १९९२ या तीन स्पर्धांत आपल्याला एकही पदक नाही.

हे मी स्वतः अनुभवलंय. नव्वदच्या दशकात बालेवाडीचं क्रीडासंकुल नवीन होतं, १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं. आमच्या जिल्ह्यातल्या एका मुलीला राज्य स्पर्धेसाठी मी तिथे घेऊन गेलो. आमच्या मुरमाच्या मैदानावर ती २०० मीटर पळायची, माझ्या हातातल्या स्टॉपवॉचवर. तिच्या बुटांना लांब खिळे होते, कारण मुरमात आखूड खिळे धरतच नाहीत. बालेवाडीसारख्या सिंथेटिक, म्हणजे रबरासारख्या कृत्रिम, ट्रॅकवर धावण्याच्या शर्यतींना नऊ मिलिमीटरपेक्षा लांब खिळे चालत नाहीत. शर्यतीआधी खेळाडूंना तपासतात त्या कॉल रूममध्ये बूट उलटे करून बघितले आणि तिला थांबवलं. शर्यतीला दहा मिनिटं. एकेक खिळा पान्याने फिरवून काढला, दुसऱ्या जिल्ह्याच्या प्रशिक्षकांनी आपल्याकडचे आखूड खिळे दिले म्हणून ती पळू तरी शकली. वळणावर ट्रॅकने पाय उसळून दिला आणि तिचा तोलच गेला, कारण जमीन अशी परत ढकलते हे तिला ठाऊकच नव्हतं. वर पाटीवर वेळ लागली ती माझ्या घड्याळापेक्षा जवळपास अर्ध्या सेकंदाने जास्त. तिला वाटलं आपण वाईट पळालो. खरं तर माझं बोटच उशिरा दाबलं जात होतं. म्हणून तर १०० आणि २०० मीटरला हाताने घेतलेल्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवूनच इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करतात. टाइमकीपरने पिस्तुलाच्या आवाजावर नाही, धुरावर घड्याळ चालू करायचं असतं आणि छाती रेषेला आली की थांबवायचं, हे शिकलो तरी माणसाचा डोळा तो डोळाच.

त्या मुलीने पुढच्या वर्षी खेळ सोडला. ती कमी पडली असं मी कधी म्हणणार नाही. जगाच्या दारापर्यंत जाणारा रस्ता तिच्या गावापासून सुरूच होत नव्हता.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. स्वतंत्र भारताकडून १९५२ला नीलिमा घोष आणि मेरी डिसूझा धावल्या, डॉली नझीर आणि आरती साहा पोहल्या. नंतर बराच काळ संख्या नगण्यच. १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषा ४०० मीटर अडथळा शर्यतीत ५५.४२ सेकंदांनी चौथी आली, कांस्यपदक विजेतीची वेळ ५५.४१. त्याच स्पर्धेत आपल्या मुलींचा चार बाय चारशे मीटर रिलेचा संघ अंतिम फेरीत होता, हे त्या एका शतांशापुढे झाकोळून गेलं. उषाच्या ५५.४२ची बरोबरी व्हायला २०२३ उजाडलं, विद्या रामराजने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अगदी तेवढीच वेळ लावली.

त्यानंतर मुलींसाठी जी दारं उघडली त्यातली काही आपण उघडलेलीच नाहीत. महिलांचं भारोत्तोलन ऑलिंपिकमध्ये आलं २०००ला, आणि त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीचं कांस्य. महिलांचं बॉक्सिंग आलं २०१२ला, त्याच वर्षी मेरी कोमचं कांस्य. महिलांची कुस्ती २००४ला, साक्षी मलिकचं कांस्य २०१६ला. आपल्या मुली तयारच होत्या. मल्लेश्वरी आणि मेरी कोम जागतिक विजेतेपदं मिळवून बसल्या होत्या, ऑलिंपिकच्या कार्यक्रमात त्यांच्या खेळाला जागा नव्हती इतकंच. पॅरिसच्या ११७ जणांत ४७ मुली होत्या.

१९९६ला टेनिसपटू लिअँडर पेसच्या कांस्यपदकाने दुष्काळ संपला आणि तेव्हापासून एकही ऑलिंपिक कोरडं गेलेलं नाही. २००४ला नेमबाज राज्यवर्धन राठोडचं रौप्य, मग बीजिंग, मग लंडनला सहा. या काळात पैशाची वाट बदलली. गीत सेठी आणि प्रकाश पदुकोण यांनी सुरू केलेल्या ऑलिंपिक गोल्ड क्वेस्टसारख्या संस्था आल्या, २०१४ला केंद्र सरकारची, पदकाची आशा असलेल्या खेळाडूंसाठीची टॉप्स योजना आली. निवडलेल्या खेळाडूला परदेशी सराव, प्रशिक्षक, फिजिओ, शिवाय हातखर्चाला महिना ५०,००० रुपये. माझी या योजनेबद्दल एकच तक्रार आहे. ती वर पोचलेल्याला आणखी वर नेते, आणि ते हवंच आहे. पण तेरा-चौदा वर्षांची मुलं जिथे गळतात त्या पायरीवर आजही पीटीच्या शिक्षकाचा खिसाच कामी येतो. तुम्हाला हे मी सांगायला नको.

आता आजच्या दाराबद्दल. मुलांना सगळ्यात जास्त हेच समजायला हवं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये एकूण सुमारे १०,५०० खेळाडूंचीच जागा होती. अ‍ॅथलेटिक्समध्ये एका प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त तीन. टोकियोपासून साधारण निम्मे जण ठरलेली पात्रता वेळ गाठून येतात आणि निम्मे जागतिक रँकिंगमधून. पुरुषांच्या ३००० मीटर स्टीपलचेसची पात्रता वेळ बघा. रिओला ८ मिनिटं ३० सेकंद, टोकियोला ८:२२, पॅरिसला ८:१५. आठ वर्षांत दार पंधरा सेकंदांनी अरुंद झालं.

आणि याच काळात बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे त्यातून आत गेला. सियाचीनला पहारा देऊन आलेला जवान, स्पर्धेच्या धावण्याला सुरुवातच सैन्यात. २०१८ला त्याने सैनींचा तो ३७ वर्षांचा विक्रम ८:२९.८० वेळ लावून मोडला. टोकियोत ८:१८.१२, नवा राष्ट्रीय विक्रम, तरी हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, सातवा आल्याने अंतिम फेरी हुकली. २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, सुवर्णापासून ०.०५ सेकंद दूर, त्या शर्यतीत दोन केनियन धावपटूंना मागे टाकून. २०२४च्या जुलैत ८:०९.९१. पॅरिसला अंतिम फेरीत गेला आणि अकरावा आला. सहा वर्षांत वीस सेकंद कमी करणं म्हणजे काय, हे स्टीपलचेस पळलेल्यालाच कळेल. २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या, त्याही भिजलेल्या बुटांनी. पदकतालिकेत याची नोंद शून्य. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर रिओत याच प्रकारात अंतिम फेरीत गेली, दहावी आली. धावपट्टीवरच्या अंतिम फेरीत भारतीय नाव ३२ वर्षांनी दिसत होतं. तीही नोंद शून्यच.

नेमबाजीचं दार वेगळ्या प्रकारचं आहे. तिथे जागा देशाला मिळते, खेळाडूला नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२२ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा येऊन भारताला जागा मिळवून दिली, आणि मग तीच जागा स्वतःसाठी मिळवायला २०२४च्या निवड चाचण्यांमध्ये पुन्हा उतरला. पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं ऑलिंपिकमधलं वैयक्तिक पदक, ७२ वर्षांनी. निवड चाचणी खाशाबांनाही द्यावी लागली होती. फरक इतका की खाशाबांना न्याय मागायला महाराजांकडे जावं लागलं, आणि स्वप्नीलच्या चाचणीत गुण पडद्यावर सगळ्यांना दिसत होते.

पॅरिसला सहा पदकं आली, पण सहा ठिकाणी आपण चौथे होतो: बॅडमिंटनमध्ये लक्ष्य सेन, नेमबाजीत अर्जुन बाबुटा, भारोत्तोलनात मीराबाई चानू, नेमबाजीतच मनू भाकर तिच्या तिसऱ्या प्रकारात, तिरंदाजीची मिश्र जोडी, स्कीट नेमबाजीची मिश्र जोडी. १९६० आणि १९८४ला एकेक चौथा क्रमांक आला आणि देश त्यावर पिढ्यान्‌पिढ्या हळहळला. आता एकाच स्पर्धेत सहा. मला यात दुःखापेक्षा आशा जास्त दिसते. २०२३च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत भालाफेकीच्या अंतिम फेरीत पहिल्या सहात आपले तिघं होते: नीरज पहिला, किशोर जेना पाचवा, डी. पी. मनू सहावा. एकट्या हिऱ्याच्या मागे रांग लागलेली माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा पाहिली.

पॅरालिंपिकचा रकानाही फलकावर घ्याच. १९७२ला हायडेलबर्गमध्ये सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्ण मिळवलं, १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेला हा जवान. बिंद्राच्या ३६ वर्षं आधी. नंतर कितीतरी वर्षं हे दार जवळजवळ बंदच राहिलं. रिओला १९ खेळाडू, ४ पदकं. टोकियोला ५४ खेळाडू, १९ पदकं. पॅरिसला ८४ खेळाडू, २९ पदकं. इथे मात्र खेळाडू वाढले तशी पदकंही वाढली, कारण गुणवत्ता आधीपासून होती आणि अडलं होतं ते पाठवण्यापाशी. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने गोळाफेकीत १६.३२ मीटर टाकून रौप्य घेतलं.

हिवाळी ऑलिंपिक तुमच्या फलकात एका कोपऱ्यात पुरे. तिथे शिवा केशवन १९९८पासून सहा वेळा गेला. २०१४ला सोचीत आपल्या खेळाडूंना तिरंग्याऐवजी ऑलिंपिकच्या झेंड्याखाली उतरावं लागलं, कारण आपली ऑलिंपिक संघटना तिच्या निवडणुकांच्या वादामुळे निलंबित होती. निवडणुकांमधल्या भांडणांची किंमत कोण मोजतं ते मोठ्या वर्गातल्या मुलांना यातून सांगता येईल.

फलकासाठी माझी सूचना अशी: वर्ष, खेळाडू, त्यात मुली किती, आणि 'पदकं'च्या शेजारी 'पहिल्या आठात किती' असा एक रकाना. तो भरायला तुम्हाला वेळ लागेल, पण मुलांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच रकान्यात आहे.

आणि २९ तारखेला फलकाइतकंच मैदानाकडेही बघा. फक्कीने एक अंतिम रेषा आखा. तिच्या अलीकडे सात सेंटिमीटरवर दुसरी रेघ मारा, ती उषाची, एक शतांश सेकंद. तीस सेंटिमीटरवर तिसरी, बर्मिंगहॅमच्या अविनाशची. एक मीटर चौदा सेंटिमीटरवर चौथी, रोममधल्या मिल्खांची. हे त्यांच्या सरासरी वेगाने काढलेलं अंतर आहे, शाळेला एवढं पुरे. मग मुलांना एकेक करून पळत येऊन छाती पुढे झोकायला सांगा, आणि प्रत्येकाची वेळ घ्या. घड्याळ शिट्टीच्या आवाजावर नको, कोणालातरी रुमाल खाली करायला सांगा आणि रुमालावर चालू करा.